उमाटेबाईंचे शनिवार

कुठलाही कपडा हातात आला की उमाटेबाई तो आधी उलटा करायच्या. नवा असो की जुना, आपला असो की दुसऱ्याचा. मी सेलूच्या शाळेत गणित शिकवायला लागले तो पहिलाच आठवडा होता. स्टाफरूममध्ये खुर्चीच्या पाठीवर टाकलेला माझा स्वेटर त्यांनी उलटा करून डोळ्यांशी नेला होता. मी दारात उभी राहिले, तरी त्या ओशाळल्या नाहीत.

"मशीनवरचा आहे," त्या म्हणाल्या. "पण बटनं मागून लावले आहे. अन् जीव लावून लावले."

बटणं माझ्या आईने लावली होती. दुकानातली तिला नेहमीच कच्ची वाटायची. बाईंना हे कसं कळलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती, मी चोवीस वर्षांची होते आणि त्या पंचेचाळिशीच्या पुढे.

बाई शिवणकाम शिकवायच्या, आणि ज्या विषयाला शिक्षक नसेल तोही. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, बाराही महिने हातात छत्री. ब्लाउजच्या काठाला आतून दोन सुया टोचलेल्या असत, एकीत काळा दोरा, दुसरीत पांढरा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या वर्ध्याची एसटी धरायच्या. दर शनिवारी कुठे जातात याबद्दल स्टाफरूममध्ये बरेच तर्क होते. एकदा मलाच म्हणाल्या, "चाल संध्या, तुले काम काय आहे घरी?" आणि मी निघाले.

वर्ध्यात एका महिला मंडळाचं दुकान होतं. गावातल्या मुलींच्या वसतिगृहासाठी मंडळाने ते चालवलं होतं. लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू तिथे थोडक्या पैशांत विकायच्या आणि त्यातून वसतिगृहाचा खर्च काढायचा. बोर्डावर संस्कृतसारखं काहीतरी लांबलचक नाव होतं, पण सगळे त्याला 'मंडळाचं दुकान' म्हणत. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. बदली झालेले डॉक्टर, रेल्वेतले साहेब, पुलगावच्या लष्करी वसाहतीतली कुटुंबं निघताना जे सोबत नेता येत नाही ते इथे देऊन जात. त्यामुळे त्या दोन खोल्यांत काय सापडेल याचा नेम नसे. काश्मिरी कोट, बिनझाकणाच्या किटल्या, बंगाली पुस्तकं, एक पाय कमी असलेली पाळण्याची बैठक. सरोजताई नावाच्या बाई दुकान सांभाळत. भाव वस्तूवर चिकटवलेला असे आणि घासाघीस चालत नसे.

आमच्याकडे जुना कपडा भांडेवालीला देतात. चार साड्यांवर एक स्टीलचं पातेलं. देणं ठीक, पण दुसऱ्याचा उतरलेला कपडा विकत घेऊन अंगावर घालणं म्हणजे लाजेची गोष्ट. त्या दुकानात येणाऱ्या बाया पदर पुढे ओढून येत आणि पिशवी बगलेत लपवून जात. उमाटेबाई मात्र सराफाकडे जाव्यात तशा जायच्या. छत्री कोपऱ्यात ठेवायच्या, चष्मा पुसायच्या, आणि पहिल्या गठ्ठ्यापासून सुरू करायच्या. उलट्या बाजूने.

त्यांना बहुतेक वेळा काही घ्यायचं नसे. त्यांना माहीत करून घ्यायचं असे. "हे पाह्य," म्हणत त्या एखादी पँट माझ्यासमोर धरत. "उजव्या गुडघ्यालेच झिजली. डाव्याले नाई. काऊन?" मला सुचत नसे. त्या तिथेच उजवा गुडघा टेकून बसून बघत, उठत, पुन्हा बसत. सायकलचे पंक्चर काढणारा? फुलांचे वाफे करणारा माळी? मग सरोजताईंना जाऊन विचारत, ही कोणी दिली? सरोजताई कधी सांगत, कधी टाळत. ती पँट एका दंतवैद्याच्या वडिलांची निघाली. म्हातारे रोज देवघरात एक गुडघा टेकून बसत, दुसरा त्यांना वाकवता येत नसे. हे कळलं त्या दिवशी परतीच्या गाडीत बाई एवढ्या खूश होत्या की त्यांनी कंडक्टरलाही ते सांगितलं.

एकदा प्रजासत्ताक दिनाला त्या मंडळाच्या दुकानातली साडी नेसून आल्या. जांभळी, बारीक काठाची. झेंडावंदन झालं, आम्ही चहाला बसलो, आणि वर्ध्याहून येणाऱ्या आमच्या एक सहकारी बाई उमाटेबाईंकडे टक लावून बघायला लागल्या. शेवटी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ही साडी आमच्या वहिनींची वाटते. त्यांनी ती दान केली होती." कोणी कपात बघायला लागलं, कोणी भिंतीवरच्या वेळापत्रकात. माझेच कान तापले.

बाईंनी बशी खाली ठेवली आणि पुढे वाकून विचारलं, "तुमच्या वहिनी डावखुऱ्या आहेत काय?"

त्या सहकारी गोंधळल्या. म्हणाल्या, हो, आहेत.

"तरीच." बाईंनी साडीचा खालचा काठ उलटून सगळ्यांना दाखवला. फॉल लावताना टाके उलट्या दिशेने कलले होते. "आठ दिवसांपासून मी विचार करून राह्यली. वहिनींले सांगा, हात लई साफ आहे त्यायचा." वहिनींचा निरोप पुढच्या आठवड्यात आला. त्यांच्याकडे आणखी दोन साड्या होत्या, बाईंना हव्या असतील तर.

पण ही चौकशी प्रत्येकाला सोसायची असं नाही. केळझरच्या गणपतीच्या पायऱ्यांपाशी नारळ-फुलं विकणारे एक गृहस्थ एका शनिवारी दुकानात आले. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि व्याह्यांसमोर कोट असावा अशी त्यांची हौस होती. त्यांनी एक करडा कोट घातला, आरशात बघून स्वतःशीच हसले. बाई तिथेच होत्या. त्यांनी कोट मागून घेतला, उलटा केला आणि सांगायला लागल्या. हा टेबलाशी बसणाऱ्याचा कोट, कोपर बघा. आणि आतल्या खिशात हे भोक जळून पडलं आहे. घरी चोरून सिगारेट ओढत होता, कोणी आलं की पेटलेली खिशात टाकत होता. त्यांना ते सगळं फार गमतीचं वाटत होतं. त्या गृहस्थांनी ऐकून घेतलं, कोट घडी करून टेबलावर ठेवला, आणि म्हणाले, "नाई बाई. कोणाचं काय अंगावर घेऊन पोरीच्या लग्नात उभं राहू?" आणि गेले.

सरोजताई कडक बाई होत्या. "गिऱ्हाईक पळवलं तुम्ही," एवढंच म्हणाल्या.

बाईंनी तो कोट घेतला. आठवडाभर रात्री जेवण झाल्यावर त्या तो घेऊन बसत, असं त्यांच्या यजमानांकडून मला कळलं. ते जिनिंगच्या कारखान्यात कापूस तोलायच्या काट्यावर होते आणि फार कमी बोलत. बाईंनी आतलं अस्तरच बदललं, खिसा नवा केला, बाह्या आखूड केल्या, आणि केळझरला जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे कोट देऊन निरोप धाडला की आता आत पाहा, कोणीच नाही. लग्नाची पत्रिका शाळेत आली. आम्ही दोघी गेलो. कोट त्यांना शोभत होता. बाई दुरूनच बघत राहिल्या, जवळ जाऊन उलटा करायचा मोह आवरत.

वडनेरची गोष्ट या सगळ्यानंतरची, बहुधा अठ्ठ्याण्णवच्या थंडीतली.

त्या शनिवारी एका गठ्ठ्यातून एक शालू निघाला. डाळिंबी, खऱ्या जरीचा, दोन-चार वेळाच नेसलेला. असली वस्तू त्या दुकानात कधी आली नव्हती. बाईंनी पदर उलटला आणि त्या थांबल्या. कोपऱ्यात लाल रेशमाने, तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत शिवलं होतं : गिरजा, वडनेर.

सरोजताईंना विचारलं. त्यांनी सांगितलं, कोणी तरुण माणूस स्कूटरवरून गठ्ठा टाकून गेला, पावतीही घेतली नाही. बाईंचा चेहरा बदलला. स्वतःचं नाव घालून जपलेला लग्नाचा शालू कोणती बाई असा देईल? एक तर ती गेली, आणि गेली नसेल तर तिच्या नकळत कोणी पेटी उपसली. सरोजताई म्हणाल्या, दिलेली वस्तू दिली, कोणी दिली ते शोधत जायचं नाही, हा दुकानाचा नियम आहे. बाईंनी मान हलवली, शालू विकत घेतला आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, मला घेऊन हिंगणघाटमार्गे वडनेरला निघाल्या. मी जायला नको म्हणाले नाही. खरं सांगायचं तर मलाही जाणून घ्यायचंच होतं.

स्टँडजवळच्या दुकानात विचारल्यावर गिरजाबाईंचं घर लगेच सापडलं. किराणा आणि सरकी-ढेपेचा व्यापार, पुढे दुकान, मागे घर. गिरजाबाई जिवंत होत्या. सत्तरीच्या, सडसडीत, अंगणात बाजेवर बसून तूर निवडत होत्या. मोठ्या सुनेने आम्हाला पाणी दिलं. धाकटी आत भाकरी थापत होती, तिचा आवाज येत होता. बाईंनी आपलं नाव-गाव सांगितलं आणि पिशवीत हात घातला. शालूची डाळिंबी कड जेमतेम बाहेर आली असेल.

गिरजाबाईंनी ती पाहिली. हातातलं सूप त्यांनी हळूच खाली ठेवलं आणि सुनेला म्हणाल्या, पाहुण्यांसाठी चहा टाक, दूध नसेल तर शेजारून आण. सून गेली. मग त्या बाईंकडे वळल्या.

"मीच देल्ला तो. तू काऊन आणला?"

गिरजाबाईंनी खालच्या आवाजात, घाईघाईत सांगितलं. शालू एक आणि सुना दोन. दोन वर्षं घरात त्यावरून धुसफूस चालली होती. कोणाला द्यायचा? मोठीला दिला तर धाकटी वेगळी चूल मांडते, धाकटीला दिला तर मोठी. शेवटी एक दिवस त्यांनी दोघींना सांगितलं की शालू उंदरांनी खाल्ला, चिंध्या मी चुलीत घातल्या. आणि भाच्याच्या हाती तो वर्ध्याला पाठवून दिला. कोणा गरिबाच्या पोरीच्या अंगावर तरी पडेल. तेव्हापासून घर निवांत होतं.

"दोघीजणी एका ताटात जेवून राह्यल्या आता," त्या म्हणाल्या. "हा दिसला त माह्यं तोंड गेलं, अन् घरही गेलं."

बाई शालू पिशवीत कोंबायला लागल्या, पण जरीचा कपडा घाईत आत जात नाही. तेवढ्यात मोठी सून कपबशा घेऊन परत आली. दूध घरातच होतं. तिची नजर थेट पिशवीवर गेली आणि तिने विचारलं, हे काय आहे?

इतक्या वर्षांत मी उमाटेबाईंना खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. मुख्याध्यापकांनाही त्या तोंडावर खरं सांगत. त्या दिवशी मात्र शांतपणे म्हणाल्या, हा माझ्या सासूबाईंचा शालू. याच्यावर बारीक टाका आहे, तसला आता कोणाला येत नाही. गिरजाबाईंना येतो असं ऐकलं, म्हणून शिकायला आले.

सुनेने कपबशा खाली ठेवल्या. "आमच्या सासूबाईंचाही असाच होता. उंदरांनी खाल्ला." आणि तिने हात पुढे केला. "पाहू?"

नाही म्हणता येईना. धाकटीही पीठ लागल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मोठीने शालू मांडीवर घेतला आणि एकेक घडी उघडायला लागली. पदराचा कोपरा बाईंच्या हातात होता आणि त्यावर त्यांनी अंगठा दाबून धरला होता. नख पांढरं पडलं होतं. घड्या सरत आल्या. आता सुनेने पदर ओढला की संपलं, असं मला दिसत होतं.

गिरजाबाई बाजेवरून उठल्या. "आण इकडे," म्हणाल्या, "तुमी पाहत बसान अन् बाईची गाडी जाईन. टाका दाखवतो." त्यांनी बाईंच्या हातातून तो कोपरा आपल्या मुठीत घेतला आणि सुई मागितली. बाईंनी ब्लाउजच्या काठाची सुई काढून दिली. गिरजाबाई उन्हाकडे पाठ करून बसल्या, पदर अगदी डोळ्यांशी धरला, आणि बाईंना सांगायला लागल्या, असा उचलायचा, असा ओढायचा, जोर नाही लावायचा. बाई वाकून वाकून मान हलवत होत्या. मी मागे उभी होते, म्हणून मला दिसलं. गिरजाबाई टाका घालत नव्हत्या. सुईच्या टोकाने एकेक टाका उसवत होत्या. आधी गावाचं नाव गेलं. मग त्यांचं स्वतःचं. सुना समोर बसून सासूचं कसब कौतुकाने बघत होत्या. लाल रेशमाचे तुकडे गिरजाबाईंनी बोटांत चुरगाळले आणि तुरीच्या सुपात टाकले.

"जमलं?" त्यांनी विचारलं.

"जमलं," बाई म्हणाल्या.

निघताना गिरजाबाई दारापर्यंत आल्या, सुना मागेच होत्या. "पुन्हा येजो" असं म्हणायची रीत असते. त्यांनी ते म्हटलं नाही. फक्त बाईंच्या दंडावर हात ठेवला आणि उचलला.

हिंगणघाटच्या स्टँडवर वर्ध्याची गाडी लागायला वेळ होता. बाकावर बसून बाई बराच वेळ छत्रीच्या टोकाने फरशीची फट उकरत राहिल्या. मग म्हणाल्या, "मले वाटलं मी तिची वस्तू वापस करून राह्यली. मी त तिचं कुलूप काढून राह्यली होती."

शालू त्यांनी दुकानात परत नेऊन दिला. पैसे घेतले नाहीत. सरोजताईंनीही काही विचारलं नाही. उन्हाळ्यात एक बाई मुलीच्या लग्नासाठी तो घ्यायला आली, पदर पुढे ओढून, नजर चुकवत. मी आणि उमाटेबाई शेजारीच उभ्या होतो. त्या बाईने शालूवर हात फिरवला आणि भीत भीत विचारलं, कोणाचा होता?

"तुमचा," बाई म्हणाल्या, आणि बांधून द्यायला लागल्या.

त्या दिवसापासून त्यांनी कोणी दिलं हे विचारणं सोडलं. कपडे उलटे करणं सुटलं नाही, ते सुटणार नव्हतंच. पण उलटून पाहिलं की स्वतःशीच हं म्हणायच्या आणि सुलटं करून ठेवायच्या. काय दिसलं ते सांगत नसत. मी विचारलं तरी नाही. माणसांवरून काढून घेतलेली ती सगळी चौकसपणाची भूक मग वस्तूंकडे वळली. बंद घड्याळं, कुलपं, सुटे झालेले स्टोव्ह, भिंगं. घरी त्या ती उघडून बसत. त्यांच्या यजमानांनी एकदा मला आपणहून सांगितलेलं एकच वाक्य आठवतं, की आमच्या घरी कोणतीच वस्तू पूर्ण बंद नसते.

पुढे माझी आर्वीकडे बदली झाली. बाई निवृत्त झाल्या, यजमान गेले, हे सगळं मला पत्राने आणि नंतर फोनवर कळलं. भेट होत नव्हती. दोन हजार सातच्या सुमारास मी कामासाठी वर्ध्याला गेले होते, आणि मंडळाच्या दुकानावरून जाताना दिसलं की सगळं सामान बाहेर पडवीत मांडलं आहे. मालकाला जागा हवी होती, दुकान बंद होत होतं. सरोजताई आता नव्हत्या. दोन तरुण मुली टेबलाशी होत्या आणि लोक गठ्ठे उपसत होते. त्या गर्दीत, पडवीच्या खांबाला टेकून उमाटेबाई बसल्या होत्या. अंगाने फारच लहानखुऱ्या दिसत होत्या. चष्म्याची भिंगं आणखी जाड झाली होती.

त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. चौकशा झाल्या, माझ्या मुलीचं, माझ्या गुडघ्यांचं. त्यांच्या मांडीवर पितळेचं काहीतरी होतं. वीतभर लांब, एका टोकाला लाकडी मूठ, दुसऱ्या टोकाला दोन चिमटे, मध्ये एक मळसूत्र आणि त्याच्या कडेने कोरलेले आकडे. मी असलं काही कधी पाहिलं नव्हतं.

"हे काय आहे, बाई?"

"काय माईत," त्या म्हणाल्या. "त्या पोरींले विचारलं, त्यायलेही नाई माईत. म्हणून त घेतलं."

मी त्यांना स्टँडवर नेलं, सेलूच्या गाडीत खिडकीपाशी बसवलं आणि खाली उतरून उभी राहिले. गाडी सुरू झाली. मी हात वर केला. पण बाई बाहेर बघत नव्हत्या. ती पितळी वस्तू त्यांनी डोळ्यांशी धरली होती आणि मळसूत्र हळूहळू फिरवत होत्या, एक आकडा, मग दुसरा. गाडी वळताना मला दिसलं, त्यांचे ओठ हलत होते. काहीतरी उघडलं असावं, कारण त्यांनी मान एकदम वर केली आणि शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला ते दाखवायला लागल्या.